काकी, कर्ज काढू नका. पण पोरग्याला परीक्षा द्यायला लावा

गेल्या रविवारी खानापूरला घरी गेलो, तर शेजारच्या काकी वाटच बघत होत्या. "पोरग्याचं बीसीए संपलं. बेळगावात एक क्लासवाले साठ हजारांत सर्टिफिकेट देतो म्हणतात, नोकरीची गॅरंटी पण आहे. सोसायटीचं कर्ज काढू काय?" निपाणीपासून खानापूरपर्यंत किती घरांत सध्या हाच प्रश्न असेल, म्हणून इथं लिहितोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. क्लासनं छापून दिलेला कागद वेगळा आणि सिस्को, रेड हॅट या आयटी कंपन्यांची परीक्षा वेगळी. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची फी 300 डॉलर, म्हणजे आजच्या भावानं पंचवीस हजारांच्या वर. तीन वर्षांनी सर्टिफिकेटची मुदत संपते. म्हणून पहिल्या वर्षातच घाईनं देऊन ठेवू नका, नोकरी शोधायच्या तोंडावर द्या. कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून सराव करायचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळतं.

मी स्वतः रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा दिली, लिनक्सची. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टीम. तिथं चारातला एक पर्याय निवडायचा प्रकारच नाही. समोर लिनक्स मशीन असतं, सांगितलेली कामं करायची, आणि मशीन रीबूट झाल्यावर ती टिकली तरच मार्क. मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची ते एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पहिल्या खेपेला त्या फाइलमध्ये माझी एक ओळ चुकली. मशीन परत उठलंच नाही. फीचे पैसे बाबांनी दिले होते, त्यामुळं चार दिवस घरी फोन करायचं धाडस झालं नाही. मग दोन महिने रोज रात्री तीच फाइल मुद्दाम बिघडवायची आणि परत दुरुस्त करायची, एवढंच केलं. दुसऱ्या खेपेला पास झालो.

बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर. ते सांगायचे, आयटीआयच्या कागदावर पोरगा गेटच्या आत येतो, पण लेथवर पहिला जॉब लावला की तो किती पाण्यात आहे ते कळतं. माझंही तसंच झालं. कॅम्पसला कंपन्या न येणाऱ्या कॉलेजचा मी. त्या परीक्षेमुळं बेंगळूरहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी अडखळायला लागलं. तेव्हा समोरच्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला, "करून दाखव" म्हणाल्या. हात थांबले नाहीत, कारण ते दोन महिने हातात होते.

म्हणूनच डम्प, म्हणजे परीक्षेतले बाहेर आलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून पास होणाऱ्यांबद्दल वाईट वाटतं. त्यांच्यासमोर लॅपटॉप सरकवला की काय करणार? आणि आईनं कर्ज काढलेलं असेल तर?

काकींना सांगितलंय, साठ हजार राहू देत. पोरग्याकडं आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, तेवढा बास. लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट, त्यात टाकायचं रेड हॅटसारखंच अल्मा लिनक्स फुकट. पुढच्या रविवारी मी बसवून देतो. सहा महिने त्यानं रोज दोन तास बसून दाखवलं, तर परीक्षेची फी काढायला काकींना सोसायटीत जावं लागणार नाही, ती मी भरतो.

खानापूर भागातली आणखी कुणी पोरं-पोरी येणार असतील तर लॅपटॉप घेऊन सकाळी दहाला या.