बेसिनजवळचा नॅपकिन

आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर परवा कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. भिंतीवरच्या डब्यातून एक कागद ओढला, ओले हात पुसले, कागद टोपलीत. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं की हा साधा पेपर टॉवेल नव्हे, हा जंतू मारतो. लगेच चार अंगठे, दोन नमस्कार आणि माझ्या नावाने प्रश्न : "सिस्टर, तुम्ही इन्फेक्शन कंट्रोलमध्ये होतात ना? खरं असतं का हे? घरी मागवू?"

एका ओळीत उत्तर देता येईना म्हणून इथे लिहितेय. लांबलंय. चहा घेऊन बसा.

मी मिरजेत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा 'आयसीएन' म्हणून, म्हणजे इन्फेक्शन कंट्रोल नर्स. ही बाई वॉर्डात शिरली की डॉक्टरसुद्धा आधी सॅनिटायझरच्या बाटलीकडे बघतात आणि ती गेली की सुस्कारा सोडतात. तळवे, पालथे हात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं हे सगळं मी किती जणांकडून घोटून घेतलं त्याची गणती नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं ते चित्रांचं पोस्टर तुम्हीही पाहिलं असेल, 40 ते 60 सेकंद वालं. आता एक गंमत करा. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की त्या पोस्टरची शेवटची दोन-तीन चित्रं बघा. एकदाच वापरायच्या टॉवेलने हात पूर्ण कोरडे करा, आणि त्याच टॉवेलने नळ बंद करा. मग खाली बघा. पोस्टरच्या बरोबर खाली खिळ्याला एक नॅपकिन लटकत असतो.

आमच्याही एका वॉर्डात होता. निळ्या काठाचा, पांढरा, निदान कधीकाळी पांढरा. मावशी रोज सकाळी धुतलेला लावायच्या. मग आठ ते दोन सिस्टर, राउंडचे डॉक्टर, ड्रेसिंगचे मामा, डबा घेऊन आलेले नातेवाईक, सगळे त्याच एका फडक्याला. दुपारी तो पिळला तर पाणी निघेल असा व्हायचा. एकदा दोन वाजता मी त्याचा स्वॅब घेतला. सलाइनमध्ये भिजवलेला बोळा नॅपकिनच्या मधोमध फिरवला, ब्लड अगार आणि मॅकॉन्कीच्या (जंतू वाढवायच्या) प्लेटवर ओढला आणि लॅबमधल्या दादांना दिला. शेजारी दुसरी प्लेट ठेवली : त्याच बेसिनवर साबणाने धुऊन नुसते हवेत वाळवलेल्या माझ्या बोटांची. रात्रभर 37 डिग्रीला.

सकाळी माझ्या बोटांच्या प्लेटवर पाच-सहा ठिपके होते. नॅपकिनची मॅकॉन्की प्लेट गुलाबी लिंपल्यासारखी. मोजायला मधे जागाच नव्हती. गुलाबी म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवणारे जंतू, ई. कोलाय नि क्लेब्सिएला यांच्या घराण्यातले. आतड्यातली मंडळी, हात पुसायच्या फडक्यावर मुक्कामाला.

प्लेट मी वॉर्डात नेऊन दाखवली. सगळे ईऽऽ करून मागे सरकले. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत, त्यांचा चेहरा पडला. "सिस्टर, मी रोज गरम पाण्यात धुते हो. सोडा घालून." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. त्यांचं धुणं चोख होतं. एका माणसासाठी धुतलेल्या नॅपकिनला चाळीस माणसांनी हात पुसले, त्याला मावशी काय करणार?

मुळात ओला हात हा अर्धाच धुतलेला हात. साबणाने जंतू सुटतात, पाण्याने बरेचसे वाहून जातात, पण जे उरतात त्यांना ओल म्हणजे बससेवाच. ओल्या हाताने दाराची कडी, फाइल, रुग्णाचं मनगट काहीही धरलं की कोरड्या हातापेक्षा कितीतरी जास्त जंतू पलीकडे जातात. आणि पुसताना जे घर्षण होतं त्यानेही उरलेसुरले निघतात. म्हणून कागदाने पुसणं हे काही चोचले नव्हेत. मॉलमधल्या त्या वाऱ्याच्या यंत्रांपेक्षाही कागद बरा. इंग्लंडमधल्या लीड्सच्या मंडळींनी ब्रिटन, फ्रान्स आणि इटली अशा तीन देशांतल्या तीन हॉस्पिटलांची स्वच्छतागृहं तपासली होती, 2018 मध्ये ते छापून आलं. जेट ड्रायर असलेल्या ठिकाणी जमिनीवर, पृष्ठभागांवर जास्त जंतू सापडले. जोराच्या हवेने हातावरचे थेंब उडणार, ते कुठेतरी बसणारच ना.

हा कागद आला कुठून, तर 1907 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीत टॉयलेट पेपरसाठी चुकून फार जाड कागद येऊन पडला, असं सांगतात. त्याच सुमारास एक शाळामास्तरीण सर्दी झालेल्या मुलांना सार्वजनिक टॉवेलला हात लावू न देता कागदाचे तुकडे द्यायची म्हणे. मालकाने दोन आणि दोन चार केले आणि तो जाड कागद हात पुसायला विकला. गोष्टीत मीठमसाला किती, देव जाणे. पण बघा, त्या बाईंना जो सगळ्यांचा एक टॉवेल नको होता, तो आपल्याकडे आजही खिळ्यावर आहे.

आता औषध लावलेल्या कागदाकडे येते.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट पत्त्यांच्या डावाची आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात इलियट डिक नावाचे सर्दीचे संशोधक होते. त्यांनी आधी अंटार्क्टिकावरच्या तळावर आयोडीन लावलेले कागदी रुमाल वापरून पाहिले. हिवाळाभर कोंडलेली माणसं, सर्दी पसरायला आणि मोजायला झकास जागा. पण आयोडीनचा रुमाल तपकिरी, नाकाला कोण लावणार? मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व, आणि साबणाच्या जातीचं एक रसायन असलेला रुमाल तयार झाला. चाचणीसाठी त्यांनी जोरदार सर्दी झालेल्या आणि धडधाकट अशा पुरुषांना एका खोलीत बारा बारा तास पोकर खेळायला बसवलं. शिंका, नाक पुसणं, तेच चिकट पत्ते हातोहात. साध्या सुती रुमालांच्या वेळी सर्दी पसरली. औषधी कागदाच्या वेळी धडधाकट गड्यांपैकी कुणालाही झाली नाही. 1986 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इथे थांबलं तर तो व्हिडिओ खरा. पण त्याच डिक यांनी पुढच्याच वर्षी दुसरा डाव मांडला. या वेळी काही खेळाडूंना हात चेहऱ्यापर्यंत जाणार नाही असे पट्टे किंवा गळ्याभोवती मोठी प्लास्टिकची कॉलर घातली (आमच्या शेजारच्या कुत्र्याला ऑपरेशननंतर घातली होती तशी). हात नाकाला लागणंच शक्य नाही, तरी त्यांना सर्दी झाली. आणि आजाऱ्यांनी हाताळलेले बरबटलेले पत्ते दुसऱ्या खोलीतल्या निरोग्यांना दिले, त्यांना झाली नाही. म्हणजे ती सर्दी मुख्यतः हवेतून गेली होती. दरम्यान क्लीनेक्स या कागदी रुमालांच्या ब्रँडने 'अव्हर्ट' नावाने तसले रुमाल बाजारात आणून पाहिले आणि गुंडाळले. पुढे 2004 मध्ये 'अँटी-व्हायरल' नावाने पुन्हा आणले. घराघरांत प्रत्यक्ष केलेल्या चाचण्यांत पत्त्यांच्या खोलीइतका चमत्कार दिसला नव्हता. खोलीत बसलेले गडी सांगितलेलं ऐकतात. घरातलं पोर शिंकतं ते आईच्या खांद्यावर.

हात पुसायच्या कागदात लिंबाचं सत्त्व नसतं. तिथे बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असतं. कॅनडात क्यूबेकमधल्या कॅस्केड्स या कागद कंपनीने तसा टॉवेल काढला : कोरड्या कागदात औषध, ओला हात लागला की ते सुटून हातावर येतं. हुशारीच आहे, मान्य. कारण हात धुताना जे राहून गेलं ते पुसताना पकडायचं, आणि त्यासाठी माणसाला एकही जादा पायरी शिकवायची नाही. अकरा वर्षं पायऱ्या शिकवलेल्या बाईला या गोष्टीची किंमत कळते.

असाच एक कागद घेऊन एक एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, आमच्याकडे आला होता. गोड पोरगा, टाय सैल करून घाम पुसत बसलेला. "मॅडम, नाइन्टी नाइन पॉइंट नाइन पर्सेंट." मी म्हटलं, "बाळा, किती वेळात?" तो ब्रोशर चाळू लागला. बेन्झाल्कोनियमला काम करायला वेळ लागतो, हातावर ओलं असतानाच त्याला जमेल तेवढं जमणार, आणि आपण तर त्याच कागदाने ओल टिपून घेतोय. दुसरं विचारलं, हातावर साबण राहिला असेल तर? साबण नि हे औषध यांचं हाडवैर असतं. एक ऋणभाराचा, एक धनभाराचं, एकमेकांना धरून बसतात आणि औषध निकामी होतं. आपल्याकडे घाईत धुतलेल्या दहा हातांपैकी किती नीट खळबळलेले असतात? तिसरं, कागद आणि कापूस हे औषध स्वतःलाच चिकटवून ठेवतात. फरशीच्या मॉपच्या बाबतीत आम्ही हे भोगलंय : बादलीत औषध बरोबर, फरशीवर पोचतं निम्मं. कागद बनवणाऱ्याने त्यावर उपाय केला असेल तर त्याची चाचणी दाखव म्हटलं. आणि शेवटी, जुलाबवाल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं? तिथे हा कागद काय, सॅनिटायझरसुद्धा हात टेकतो. साबण, वाहतं पाणी आणि पुसणं, एवढंच चालतं.

पोरगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही पर्चेस कमिटीत आहात का?" नव्हते. सुटलो असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2016 मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांतली 19 द्रव्यं काढायला लावली, त्यात ट्रायक्लोसान होतं. कारण साधं : ही घातल्याने साध्या साबणापेक्षा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. बेन्झाल्कोनियम त्या 19 मध्ये नव्हतं, त्याला आणखी पुरावे द्यायला मुदत मिळाली. म्हणजे विषारी म्हणून घाबरू नका, पण जादूही समजू नका. रोज दहा वेळा हाताला लावलं तर काहींची कातडी कोरडी पडते, खाजते. आणि भेगा पडलेला हात जंतूंना जास्त आवडतो, हे मी स्वतःच्या हातांवर पाहिलंय.

मावशींच्या नॅपकिनचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. प्लेट पाहिल्यावर वरून मंजुरी आली आणि प्रत्येक बेसिनवर डबे बसले, एम-फोल्डचे, म्हणजे घडीच्या कागदांचे. साधा कागद, बिनऔषधाचा. पंधरा दिवस आनंदीआनंद. मग डबे रिकामे दिसायला लागले. कागद कुठे जातोय बघितलं तर नातेवाईक भाकरी गुंडाळायला नेत होते, कुणी चष्मा पुसायला, आणि आमचेच दोन हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) सांडलेला चहा टिपायला मूठभर ओढत होते. वापरलेला कागद लोक पिवळ्या, म्हणजे संसर्गजन्य कचऱ्याच्या, पिशवीत टाकायचे. खरं तर हात धुऊन पुसलेला साधा कागद तो, साध्या कचऱ्यात जायला हवा. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि आमच्याकडे तिचं बिल वजनावर होतं. ओल्या कागदाचं वजन विचारू नका. अकाउंट्सवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच टाकतेय.

मग स्टोअरने कागदावर ताबा बसवला. पाकिटं कपाटात, किल्ली इन्चार्जकडे, इन्चार्जची रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी राउंडला गेले तर बेसिनजवळ पुन्हा निळ्या काठाचा नॅपकिन. मावशी म्हणाल्या, "काल डॉक्टर पँटला हात पुसत होते, मला बघवेना." तपासणीला एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) माणसं येणार असली की आदल्या दिवशी मात्र सगळे डबे तुडुंब.

म्हणून औषधी कागदाचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. ज्या डब्यात साधा कागद रविवारी नसतो, त्यात त्याहून महागडा कागद असून काय उपयोग? आयसीयूत एक सिस्टर एका पाळीत तीस-चाळीस वेळा हात स्वच्छ करते. दर वेळी पाण्याने धुतले तर दोनाच्या हिशोबाने तिच्या एकटीचेच साठ-ऐंशी कागद. तिथे हात दिसायला मळलेले नसतील तर अल्कोहोलचा रब वापरावा, तो 20-30 सेकंदांत आपोआप वाळतो, कागद लागतच नाही. मळलेले असतील तर साबण, पाणी, साधा कागद. ऑपरेशनआधी ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेला टॉवेल. यात औषधी कागदाला जागा आहे का? आहे : जिथे हात धुतले जातात पण कसेबसे. मोठ्या खानावळी, अन्नाचे कारखाने, शाळांचे मध्यान्ह भोजन. तेही साधा कागद बारा महिने भरलेला राहतो हे सिद्ध झाल्यावर.

आणि हो, वडापावच्या गाड्यावर हात पुसायला वर्तमानपत्राचे चौकोन ठेवतात, ते टाळा. खाद्यपदार्थ त्यात बांधू नका म्हणून एफएसएसएआय ही सरकारी अन्नसुरक्षा संस्था ओरडून थकली. शाई बोटांना लागते आणि बोटं पुढच्या घासाला.

राहिला ग्रुपवरचा प्रश्न, घरी मागवू का. नको गं. घरात कुणी केमोवर असेल, ओली बाळंतीण असेल, तर साधे कागद आण, तेवढ्यापुरते. एरवी माझ्याकडे काय आहे ते सांगते. जुन्या सुती साडीचे वीतभर चौकोन, चोवीस आहेत, कडा मशीनवर दुमडलेल्या. बेसिनशेजारी टोपलीत घडी घालून. हात पुसला की खालच्या बादलीत, दुसऱ्याने दुसरा घ्यायचा. रोज सगळे मशीनमध्ये, गच्चीवर उन्हात. ह्यांनी पहिले आठ दिवस पुसलेला चौकोन परत घडी घालून टोपलीत ठेवला, आता सुधारलेत. त्यातले पिवळे आहेत ना, ते माझ्या सेंडऑफच्या साडीचे. काठ तेवढा काढून ठेवलाय.