पेल्याखालची मेणबत्ती आणि दुसऱ्यांदा केलेला प्रयोग

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालकांच्या गटांवर एकच विचारणा फिरू लागते: मुलांना घरच्या घरी करता येतील असे सोपे प्रयोग आणि हस्तकला सुचवा. उत्तरादाखल दहा-बारा व्हिडिओ येतात, कुणीतरी तयार संचाची जाहिरात पाठवते आणि मुलांच्या दोन दुपारी बऱ्या जातात. याला माझा विरोध नाही. पण आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर अशा दुपारी घालवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते सविस्तर मांडावे म्हणून ही लांबलचक पोस्ट लिहीत आहे. घरातल्या वस्तूंचा प्रयोग पहिल्यांदा केला जातो तेव्हा ती बहुधा गंमत असते. तोच प्रयोग एखादी गोष्ट बदलून पुन्हा केला की तिथून विज्ञान सुरू होते, आणि नेमका हा दुसरा प्रयोग आपण मुलांना करू देत नाही.

मेणबत्तीचा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. ताटलीत थोडे पाणी घ्यायचे, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून संपला आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी शिरले, असे याचे स्पष्टीकरण बहुतेक व्हिडिओंमध्ये ऐकायला मिळते. आपल्यापैकी अनेकांनी शाळेतही हेच पाठ केले आहे. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे, आणि ते पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, आणखी दोन मेणबत्त्या पुरतात. त्याच पेल्याखाली एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी पहिल्यापेक्षा जास्त चढते. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग जास्तीचे पाणी कशामुळे चढले?

या प्रश्नावर मुलांना थोडे अडू द्यावे आणि मग प्रयोग तिसऱ्यांदा, नीट निरखून पाहायला सांगावा. तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसतात. पेला ठेवतानाच त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. आणि ज्योत तेवत असताना पाणी फारसे हलत नाही, ती विझू लागली की मात्र झपाट्याने वर येते. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काही प्रमाणात बाहेर निघून गेलेली असते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या तीन असतील तर हवा अधिक तापते, म्हणून पाणीही अधिक चढते. ऑक्सिजन वापरला जातो हे खरे, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होत असते, शिवाय ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. हे सगळे शब्द मुलांना त्याच दिवशी सांगायलाच हवेत असे मला वाटत नाही. बुडबुडे त्यांनी स्वतः पाहिले असतील, तर शब्द पुढे कधीही येतील.

सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तो मला मुळीच आवडत नाही. फेस उसळतो, टाळ्या पडतात, आणि खऱ्या ज्वालामुखीशी त्या फेसाचा काडीचाही संबंध नसतो. त्याऐवजी बाटलीत ठरावीक लिंबाचा रस घ्यावा, फुग्यात खाण्याचा सोडा भरून फुगा बाटलीच्या तोंडावर चढवावा आणि सोडा आत सांडू द्यावा. मग प्रत्येक खेपेस रस तेवढाच ठेवून सोडा अर्ध्या चमच्याने वाढवत न्यावा. एका टप्प्यानंतर सोडा कितीही घातला तरी फुगा अधिक फुगत नाही, कारण रसातले आम्ल संपलेले असते. दोरीने फुग्याचा घेर मोजून वहीत लिहिणाऱ्या मुलाला रासायनिक क्रियेतले प्रमाण हाताने कळते, आणि ते कळायला आठवी-नववीची वाट पाहावी लागत नाही.

परदेशी व्हिडिओंत आम्ल आणि अल्कली ओळखण्यासाठी जांभळा कोबी सांगितलेला असतो, आणि तो शोधत पालक मॉलमध्ये फिरतात. आपल्या फोडणीच्या डब्यात हळद आहे. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की तो लालसर होतो, हे घरात कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. हळद पाण्यात कालवून जाडसर कागदाला लावावी, कागद वाळवून त्याच्या पट्ट्या कापाव्यात आणि मुलांना स्वयंपाकघरात मोकळे सोडावे. साबणाच्या आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पट्टी लाल-तांबडी होते, त्याच डागावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. चुन्याच्या निवळीनेही हेच घडते, पण चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून लहान मुलांच्या हाती तो देऊ नये.

एवढ्यावर थांबलो तर ती पुन्हा गंमतच ठरेल. पुढचा प्रश्न असा की लिंबाच्या रसाची आणि साध्या पाण्याची पट्टी वेगळी ओळखता येते का. येत नाही, दोन्ही पिवळ्याच राहतात. म्हणजे हळदीला अल्कली कळते, आम्ल कळत नाही, आणि आपल्या साधनाला काय कळत नाही हे मुलांच्या लक्षात येणे ही मला त्या दुपारची सर्वांत मोठी कमाई वाटते. मग दुसरे साधन शोधायला निघावे लागते. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्यांचा रंग उतरवला की ते पाणी लिंबाने गडद गुलाबी-लाल होते आणि सोड्याने हिरवट. गोकर्णीचे निळे पाणी लिंबाने जांभळे-गुलाबी होते. ताक, चिंचेचा कोळ, शाम्पू, राख कालवलेले पाणी यांची पाळी मुले स्वतःच लावतात; आपण फक्त कशाला काय म्हणतात एवढे विचारल्यावर सांगावे.

हस्तकला आणि विज्ञान यांचे आपण दोन वेगळे कप्पे केले आहेत, त्याचीही मला खंत वाटते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला केलेली वस्तू देखणी झाली की विषय संपतो. अनेक घरांत तर ती वस्तू रात्री अकरा वाजता आईवडीलच पूर्ण करतात, आणि सकाळी ती मुलाच्या नावावर शाळेत जाते. या दोन कप्प्यांमधली भिंत कशी पाडता येते हे अरविंद गुप्ता यांनी आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवले आहे. १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतलेला हा अभियंता मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडला गेला, आणि तिथून पुढे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे सांगाडे घडवण्याची त्यांची रीत देशभर गेली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे कचऱ्यातून खेळणी बनवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

व्हॉल्व्हची नळी सायकलच्या दुकानात अजूनही मिळते. तिचे सेंटीमीटरभर लांबीचे तुकडे करायचे आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसायची, की सांधा तयार होतो. काड्यांचे गूल आधी खरवडून काढावे. तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करून मुलांच्या हातात द्यावेत. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण काही केल्या कलंडत नाही. हे समजलेल्या मुलाला रेल्वेच्या लोखंडी पुलात त्रिकोण दिसू लागतात, विजेच्या मनोऱ्यात दिसू लागतात, आणि मग प्रवासात आपल्याला जरा डोळा लागू देत नाहीत.

दिवाळीचा घरगुती आकाशकंदील हा याच धड्याचा पुढचा भाग आहे. सारख्या लांबीच्या कामट्यांचे सहा चौकोन करून ते कोपऱ्याला कोपरा बांधले, की मध्ये आपोआप आठ त्रिकोण उमटतात. ते कुणी मुद्दाम करावे लागत नाहीत. हा सांगाडा हातात घेतला तर लटपटतो, कारण चौकोन कलंडायला मोकळे असतात. त्यावर खळीने पतंगी कागद ताणून चिकटवला आणि वाळू दिला की तोच कंदील ताठ उभा राहतो. पतंगी कागद इतका हलका असताना कामट्यांना ताठपणा कुठून आला, हा प्रश्न विचारायला कंदील बनवणारे हातच हवेत. विकतच्या कंदिलाबाबत तो कुणाला सुचत नाही. चौकोनावर कागदाऐवजी कर्णाच्या दिशेने नुसता दोरा ताणून बांधला तर काय होते, तेही करून पाहावे. एका कर्णावर दोरा बांधला की चौकोन एका बाजूला कलंडायचा थांबतो, दुसऱ्या बाजूला कलंडतो, आणि दुसरा कर्ण बांधला की दोन्हीकडून थांबतो.

वेळ कुठून आणायचा, असे काही पालक विचारतील. घरात पसारा होतो, पाणी सांडते, हळदीचे डाग पडतात, हेही खरे आहे. माझे म्हणणे असे की सुट्टीत वीस प्रयोग करण्याऐवजी तीनच करावेत आणि तेच पुन्हा पुन्हा करावेत. ज्योत असेल तिथे मोठ्या माणसाने शेजारी बसावे, बाकी वेळी दुसऱ्या खोलीत असले तरी चालते. किंबहुना आपण शेजारी बसलो की उत्तर सांगून टाकतो, हा आपला जुना रोग आहे.

यातला एक प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याला एक सरळ काठी, खडू आणि गच्ची याखेरीज काहीच लागत नाही, आणि तो थंड प्रदेशांतल्या व्हिडिओंत सापडणे शक्यच नाही. महाराष्ट्र आणि गोवा हे दोन्ही संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा दिवस १३ मेच्या आसपास, मुंबईत १५ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या आसपास येतो. दुसऱ्या खेपेचा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येत असल्याने तो बहुधा ढगांत जातो. त्या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊन असेल तर गच्चीवर स्पष्ट दिसते. डिसेंबरच्या अखेरीस हाच प्रयोग पुण्यात केला तर भर मध्यान्ही सावली काठीच्या उंचीच्या जवळपास नऊ-दशांश इतकी लांब भरते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, नजर जमिनीवरच ठेवायची, एवढी एक अट मात्र कडक पाळावी.

याहून गंमत वेळेत आहे. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. मेच्या मध्यावर मुंबईत तेव्हा साडेबारा होऊन पाच मिनिटे झालेली असतात, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटे. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, आणि त्या रेषेच्या पश्चिमेला एकेक अंश सरकले की सूर्य चार मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. मुंबई आणि नागपूर यांच्यात सहा अंशांहून थोडे अधिक अंतर आहे. आखूड सावलीची नेमकी वेळ नजरेने पकडणे अवघड जाते, म्हणून शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या भूमितीवरील प्राचीन ग्रंथांतली, जुनी रीत वापरावी: काठीभोवती वर्तुळ आखायचे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते तिथे आणि दुपारी बाहेर पडते तिथे खूण करायची. या दोन वेळांच्या मधोमध मध्यान्ह असते, आणि दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते.

तेव्हा या सुट्टीत एक रविवार ठरवू या. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी आपापल्या गच्चीवर किंवा अंगणात मध्यान्हीची वेळ काढावी आणि गावाच्या नावासह खाली लिहावी. रत्नागिरी, सावंतवाडी, पणजी, नांदेड, गोंदिया अशी गावे मिळाली तर मुलांना ती पूर्वेकडून पश्चिमेकडे रांगेत लावता येतील. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मंडळींना शून्य सावली कधीच मिळणार नाही, पण मध्यान्ह त्यांनाही काढता येईल. त्यांनी वेळेबरोबर काठीची उंची आणि सावलीची लांबी जरूर कळवावी.