छिद्रं पाडलेल्या डिस्कने गाडी आधी थांबत नाही

दमदार इंजिनाची गाडी दारात आली की महिन्याभरात कोणीतरी हा सल्ला पुढे ढकलतोच: 'कंपनीच्या साध्या ब्रेक डिस्क काढून टाका, छिद्रं आणि खाचा असलेल्या बसवा. गाडी कितीतरी आधी थांबते. छिद्रांमुळे डिस्क थंड राहते. रेसच्या गाड्यांना याच असतात. डिस्क जितकी मोठी तितकी चांगली. साधी डिस्क तापून वाकडी होते, ही होत नाही. पॅड आणि ब्रेक ऑइल आहे तेच चालतं.'

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. सल्ल्यात सहा दावे आहेत. एक-एक घेऊ.

'गाडी आधी थांबते.' रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० च्या वेगात करकचून ब्रेक दाबून पाहा. पायाखाली पेडल थरथरलं म्हणजे एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, कामाला लागलं. म्हणजेच तुमच्या साध्या डिस्कने टायरच्या पकडीहून जास्त जोर लावून झालाय आणि हरलाय तो टायर. आता त्याजागी कितीही भारी डिस्क लावा, हरणार टायरच. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली, तर ताशी १०० वरून थांबायला साधारण ३९ मीटर लागतात. या हिशेबात डिस्क कुठे येतच नाही. हे अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घाला.

मग चांगल्या डिस्कचा उपयोग काय? तो पहिल्या ब्रेकला दिसत नाही, दहाव्याला दिसतो. डिस्क म्हणजे उष्णता साठवायची लोखंडी कोठी. १५०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली की तिची सगळी गतिज ऊर्जा, सुमारे ५.८ लाख ज्यूल, उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर आणि पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी १० किलोच्या धरल्या, तर एका ब्रेकमध्ये त्या चाळीस-पंचेचाळीस अंशांनी तापतात. यात विशेष काही नाही. पण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी २०० वरून एकदा थांबलात की तीच डिस्क पावणेदोनशे अंशांनी चढते, आणि ट्रॅकवर ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. म्हणून डिस्क घेताना मी आधी वजन बघतो, मग आतल्या, हवा खेळवणाऱ्या पाकळ्या. तोंडावरची नक्षी शेवटी.

'छिद्रांमुळे डिस्क थंड राहते.' हा दावा सगळ्यात जास्त खपतो, कारण तो डोळ्यांना पटतो. छिद्र आहे म्हणजे वारा आत जाणार! पण जोराचा ब्रेक चार-पाच सेकंदांचा असतो. तेवढ्यात उष्णता हवेत जात नाही, लोखंडात मुरते. हवा आपलं काम नंतर, पुढच्या सरळ पट्ट्यावर करते, आणि तेही मुख्यतः दोन पत्र्यांमधल्या पाकळ्यांतून. चाक फिरताना डिस्क पंपासारखी मधून हवा ओढते आणि कडेने फेकते. वक्र पाकळ्यांची डिस्क असेल तर डावी-उजवी वेगळी असते. पाकळ्या फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेल्या हव्यात. अनेकजण तोंडावरच्या खाचा बघून दिशा ठरवतात आणि पंप उलटा बसवून मोकळे होतात.

छिद्रांनी वजन मात्र फारसं घटत नाही, हेही सांगायला हवं. ६ मिलिमीटरची साठ छिद्रं पाडली तरी जेमतेम २०० ग्रॅम लोखंड जातं. खरा तोटा तडे जाण्याचा. तापून निवताना लोखंडावर येणारा ताण छिद्राच्या काठाशी गोळा होतो आणि तिथूनच तडा सुटतो. ट्रॅकवर वापरलेली अशी एक डिस्क मी हातात घेऊन पाहिली आहे. लांबून चकचकीत. तिरप्या उजेडात धरल्यावर एका छिद्रातून दुसऱ्याकडे निघालेली केसासारखी रेघ दिसली. तिच्यावरून नख फिरवलं, तर अडकलं. साध्या डिस्कवरही तापण्याच्या बारीक रेघा उमटतात. नख अडकत नाही तोवर त्या चालतात, पण तडा बाहेरच्या कडेला पोचला की ती डिस्क भंगारात.

छिद्रांच्या बाजूने बोलायचं तर पावसात पाण्याची पातळ फिल्म लवकर फुटते आणि पहिली पकड थोडी आधी येते. दिसायलाही छान. फक्त रस्त्यावरच चालवणार असाल आणि जाळीदार चाकांतून दिसावी म्हणून घेत असाल तर खुशाल घ्या, पण मग कारण तेच सांगा.

'रेसच्या गाड्यांना याच असतात.' लोखंडी डिस्क वापरणाऱ्या बहुतेक रेस गाड्यांना खाचांची किंवा साधी डिस्क असते. खाच पॅडचा वरचा चकाकलेला थर खरवडते, धूळ आणि वायू बाहेर काढते. बदल्यात पॅड लवकर झिजतं आणि घरघर ऐकावी लागते. फॉर्म्युला वनच्या डिस्कला शेकडो छिद्रं असतात हे खरं, पण ती पॅड घासतं त्या तोंडावर नसतात. बाहेरच्या कडेच्या जाडीत, आतून हवा बाहेर पडायला असतात. शिवाय ती डिस्क लोखंडाची नाही, कार्बनची आहे.

'जितकी मोठी तितकी चांगली.' मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते, इथवर बरोबर. पण फक्त पुढे मोठी डिस्क लावली की पुढचा जोर वाढतो आणि पुढच्या-मागच्यातला तोल बिघडतो. मागची चाकं आपला वाटा उचलायच्या आधीच पुढची एबीएसमध्ये जातात, आणि अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकतं. वर चाकाशी फिरणारं वजन वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा त्याच व्यासाची, जास्त कार्बनच्या बिडाची (ओतीव लोखंडाची), चांगल्या पाकळ्यांची डिस्क मला शहाणपणाची वाटते. ट्रॅकवर नेहमी जाणाऱ्याने दोन तुकड्यांची बघावी. मधली टोपी अ‍ॅल्युमिनियमची, बाहेरचं कडं बिडाचं. तापलेलं कडं मोकळेपणी फुगतं, बशीसारखं वाकत नाही. गार असताना थोडं खडखडतं, एवढं सोसायचं.

'साधी डिस्क तापून वाकडी होते.' ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि सगळे डिस्कला दोष देतात. माझ्या गाडीला गॅरेजने याच कारणाने दोनदा नव्या डिस्क घातल्या. दोन्ही वेळा काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका मेकॅनिकने डिस्क उतरवली आणि हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या मधल्या भागावर, बोट फिरवून दाखवलं. गंजाचा खवला. वायर ब्रशने तो काढला, डायल गेज (डुलणं मोजायचं काट्याचं यंत्र) लावून डिस्क फिरवली, काटा जवळजवळ हलला नाही. त्या खवल्यामुळे नवीकोरी डिस्कही, केसाच्या जाडीहून कमी का होईना, पण डुलत होती. फिरताना एकाच जागी पॅडला घासायची आणि तिथली जाडी हळूहळू बदलायची. थरथरीचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पॅडचा माल डिस्कवर डागांसारखा चिकटणं. लालबुंद ब्रेक दाबून धरत सिग्नलला उभं राहिलं की हमखास. यांपैकी कशावरही छिद्रं हा उपाय नाही.

'पॅड आणि ऑइल तेच चालतं.' इथे दावा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक मानक दर्जा) ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश असावा लागतो. हवेतलं पाणी शोषून त्यात ३.७ टक्के पाणी झालं की मानकाची किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली बसतं. डिस्क तेव्हा अगदी ठणठणीत असते. पॅडचंही तसंच. रस्त्याचं पॅड त्याच्या मर्यादेबाहेर तापलं की पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. म्हणून कोणी डिस्कबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? बहुतेकांना आठवत नाही.