इंग्रजीतला ‘च’

पुण्याला फोन लावला की सध्या बहिणीकडे एकच विषय असतो. भाच्याला मराठी माध्यमात घालायचं की इंग्रजी? सदाशिव पेठेतले मामा म्हणतात, मातृभाषाच. मेहुण्यांना वाटतं, मग पोराचं इंग्रजी कच्चं राहील. खरं तर २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी भीती गेलेली नाही.

मी मराठी माध्यमातली. अमेरिकेत नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले असतील. मॅनेजरने फोनवर विचारलं, गुरुवारच्या मीटिंगला येशील का? मी म्हटलं, ‘आय कॅन कम ऑन थर्सडे.’ एकेक शब्द स्वच्छ, मराठीत बोलतो तसा. गुरुवारी पोचले तर माझ्याऐवजी दुसऱ्याला बोलावलेलं! तिने ‘कॅन्ट’ ऐकलं होतं.

इथली माणसं होकार देताना ‘कॅन’ जवळजवळ गिळतात, नुसतं ‘क्न’ उरतं, आणि जोर पडतो ‘कम’वर. नकार देताना मात्र ‘कॅन्ट’ ठासून येतं, पण त्यातला ‘ट’ पुष्कळदा ऐकूच येत नाही. त्यामुळे कान ‘ट’ शोधत बसत नाही, जोर कुठे पडला ते टिपतो. माझा ठसठशीत ‘कॅन’ तिच्या लेखी नकारच होता. इंग्रजी माध्यमातून आलेला माझा पुणेरी सहकारीही नेमका इथेच अडखळायचा. व्याकरण दोघांचंही चोख होतं.

मराठीत हे काम आपण ‘च’कडे दिलंय. मीच उद्या येते, मी उद्याच येते, मी उद्या येतेच. ‘च’ सरकला की अर्थ सरकतो. शिवाय आपल्याला शब्द मागेपुढे करता येतात. इंग्रजीत शब्दांच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या, म्हणून हा भार आवाज उचलतो. ‘आय पेड द रेंट’ घ्या. ‘आय’वर जोर दिला तर भाडं मीच भरलं, तू नाही. ‘पेड’वर दिला तर भरलंय मी, पुन्हा मागू नका. ‘रेंट’वर दिला तर भाडं तेवढं भरलं, विजेचं बिल नाही. कागदावर तिन्ही वाक्यं सारखीच. आपण मात्र ‘टुमॉरो ओन्ली’ म्हणून ‘उद्याच’ सांगू पाहतो आणि इथल्या माणसाला वाटतं, ही फक्त उद्या मोकळी आहे.

पुण्यातल्या क्लासच्या जाहिराती ‘फाडफाड इंग्रजी’चं आश्वासन देतात. वेगाने काय होणार? अ‍ॅक्सेंट म्हणजे ‘र’ गुंडाळणं, हाही एक गैरसमज. माझ्या मराठी ‘र’मुळे इथे कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते जोर चुकला तिथे.

इंग्रजी माध्यमातली मुलं बोलायला बिचकत नाहीत, हे मी मान्य करते. ती भीड जायला माझी कितीतरी वर्षं गेली. तरीही बहिणीला मी सांगितलं, मराठी शाळेत घाल, फक्त तिथे इंग्रजी कानावर पडतं का ते विचार. फळ्यावर एक वाक्य लिहून ‘यातला च कुठे?’ असं मराठी शाळेतल्या बाई जितक्या सहज विचारू शकतील, तितकं दुसरं कोण विचारणार? ज्याला मराठी नीट येतं, त्याला अर्धं उत्तर आधीच ठाऊक असतं.

माझी मुलगी इथेच जन्मली, तिची अडचण उलटी. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिने कोथरूडच्या आजीला आकाशकंदील दाखवला. ‘हा मी केला!’ तिने ‘मी’वर असा जोर दिला की आजी चपापली. ‘अगं, रागावतेस कशाला?’

मी तिच्या कानात सांगितलं. कंदील पुन्हा वर धरून ती हळूच म्हणाली, ‘आजी, हा मीच केला.’