‘कास्त्रातोचा आवाज’ नव्हे!

फ्रेंच गायक फिलिप जारुस्कीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्याला ‘आजच्या काळातला कास्त्रातो’ म्हटलंय ते खटकलं. कास्त्रातो म्हणजे आवाज बारीकच राहावा म्हणून तो फुटण्याआधी ज्या मुलांचं खच्चीकरण केलं जायचं ते गायक. जारुस्की काउंटरटेनर आहे, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष. त्याचा बोलण्यातला आवाज चारचौघा पुरुषांसारखाच, गातो तो फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या, बारीक आवाजात, आणि तो रियाजाने घडवलेला. शेवटचा नामांकित कास्त्रातो मोरेस्की १९२२ साली वारला. त्याच्या जुन्या तबकड्या ऐकल्या की फरक लगेच कळतो. आणि जारुस्की हा पठ्ठ्या आधी व्हायोलिन वाजवायचा, गाण्याकडे वळला अठराव्या वर्षाच्या आसपास, हे लेखात यायलाच हवं होतं. त्याच्या लांब, न तुटणाऱ्या ओळींत मला तरी तो व्हायोलिनचा गजच ऐकू येतो.

दुसरं, लेखातला ‘तेच तेच पुन्हा गातात’ हा शेरा. अहो, दा कापो आरियात, म्हणजे ऑपेरातल्या तीन भागांच्या गाण्यात, पहिला भाग शेवटी परत येतो तो गायकाने सजवावा म्हणूनच! संगीतकार पोर्पोराने १७३५ मध्ये फारिनेल्ली या कास्त्रातोसाठी लिहिलेली ‘आल्तो जोवे’ ही आरिया जारुस्कीच्या २०१३च्या अल्बममध्ये आहे, ती ऐका. सुरुवातीचा एकच स्वर तो बारीक उचलून फुलवत नेतो आणि पुन्हा मिटवतो. परत येताना तीच ओळ, पण जागा वेगळ्या. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. (आमच्या नातीने मात्र पहिल्यांदा ऐकून विचारलं, “आजोबा, ही बाई कोण?”)