एका दावणीला दोन खोंडं

गिनी पिग हा प्राणी लातुरात फारसा कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या दोघांबद्दल मत द्यायचा अधिकार सगळ्यांनाच आहे. वॉचमनच्या लेखी त्या घुशी. दूधवाल्याच्या मते कान कापलेले ससे. शेजारच्या काकूंनी तर एकदा आवाज बारीक करून विचारलं, "खायला पाळलेत का हो?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, आणि तिकडची माणसं हजारो वर्षं त्याला पाळत आली ती पोटासाठीच. मी मात्र काकूंना हे बोलले नाही. ओमच्या कानावर गेलं असतं तर त्यानं जेवण सोडलं असतं.

नावं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठेवली: सर्जा आणि राजा. दोघंही नर. दुकानदार म्हणाला होता, "सख्खे भाऊ हायत ताई, जमलेली जोडी. भांडणाचा प्रश्नच न्हाई." सख्खे भाऊ आणि भांडणाचा प्रश्न नाही! हे वाक्य मराठवाड्यात उभं राहून, तेही गंभीर चेहऱ्यानं बोलणाऱ्याकडून आपण पैसे देऊन काहीतरी घेतो, म्हणजे कमालच.

लहान होते तोवर एका वाटीत तोंड घालायचे. तीनेक महिन्यांचे झाले आणि दोघांना एकदम मिसरूड फुटलं. सर्जा घशातून घुर्रर्र असा खालचा सूर लावी, सगळं अंग थरथरवी आणि ढुंगण डावीकडे-उजवीकडे हलवत राजाभोवती फिरे. ओमला वाटायचं, नाचतोय. आत्याबाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. पण राजा काही टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या मानेवरचे केस उभे, नाक वर, आणि दातांचा कट-कट-कट आवाज. मग सर्जाही नाक वर करी. जो आधी नाक खाली घेईल तो धाकटा, असा त्यांच्यात कायदा आहे. आमच्याकडे कुणीच खाली घेईना.

एके रात्री दोघं एकमेकांत गुंतून नुसता केसाचा गोळा होऊन फिरायला लागले. ह्यांनी धावत जाऊन मधे हात घातला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. ह्यांच्या वाट्याला तर्जनीवर दोन दातांच्या खुणा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आलं. दवाखान्यात "काय चावलं?" या प्रश्नाला ह्यांनी "कुत्रं" असं उत्तर देऊन पाहिलं. डॉक्टरांनी बोट बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि मग खरं सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. आत्याबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली. काकू म्हणाल्या, "एक मादी आणा. बायको आली की पोरं सुधरतेत." (काकूंचा थोरला अजून सुधारायचाच आहे, पण ते जाऊ द्या.) मामांनी खुर्चीतूनच निकाल दिला, "दोन खोंडं एका दावणीला बांधल्यावर दुसरं काय होणार? खच्ची करून आणा. गरीब होतेत."

ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

शेवटी भाचीला फोन लावला. ती उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. स्पीकरवर तिनं एकेकाची विकेट काढली. "आजोबा, खच्ची करून पिल्लं थांबतेत, दादागिरी थांबत न्हाई. मादी तर बिलकुल आणू नका. तिच्या वासानंच रक्त काढतील एकमेकांचं. वर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं, तीबी केसासकट, डोळे उघडे, जन्मल्या दिवशीच पळणारी. आणि मामी, भांडताना हात नका घालू. जाड टॉवेल टाका अंगावर." मग म्हणाली, घुरघुर करणं, पाठलाग करणं, अंगावर चढणं हे वयात येताना चालायचंच, मधे पडू नका. रक्त निघालं तरच वेगळं करा. तोवर सगळं दोन-दोन ठेवा.

सगळं दोन-दोन! दोन वाट्या दोन टोकांना. पाण्याच्या दोन बाटल्या. खोक्याची दोन घरं आणि प्रत्येक घराला दोन दारं, म्हणजे एकजण आत घुसला तर दुसऱ्याला मागून पळता यावं. (आमच्या फ्लॅटला एकच दार आहे.) दोन नरांना निदान दहा चौरस फूट मोकळी जागा लागते म्हणून हॉलमधला दिवाण बेडरूममध्ये गेला आणि बेडरूममधली इस्त्री स्वयंपाकघरात. मामांनी गावाकडून कौतुकानं लसूणघासाची पेंढी आणली, तर भाची म्हणाली, मोठ्या झालेल्यांना हा रोज नको, त्यात कॅल्शियम फार, मुतखडा होतो. साधं वाळलं गवत भरपूर द्या. साठ वर्षं जनावरं सांभाळलेल्या माणसाचा घास दीड वीत प्राण्यासाठी परत पाठवला गेला. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ढोबळी मिरची मात्र रोज हवी. माणसासारखंच यांच्या अंगातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेतल्या दोघा संशोधकांनी 1907 मध्ये यांच्यावरच प्रयोग करून स्कर्व्हीचं मूळ आहारात शोधलं. त्या शोधाचा भुर्दंड आता मी मंडईत भरते. मी मोजून दोन सारख्या फोडी टाकते. राजा आपली सोडून सर्जाची घेतो. सर्जा राजाची घेतो. मग भांडतात.

त्यात मे महिना आला. पारा बेचाळीसवर आणि यांना घाम येत नाही, ऊन लागलं की जिवावर बेतायचं. लाइट गेली की फ्रीजरमधली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहिल्या दिवशी एकच बाटली गोठली होती. त्या गारव्यापायी राजाचा कान फाटला, रक्त आलं आणि भाचीच्या नियमानुसार वाटणी झाली. मधे जाळी लावायची, पण आरपार दिसणारी. एकमेकांचा वास आणि आवाज मिळाला नाही तर हे कुढतात म्हणे. म्हणजे जवळ आले की चावायचं, लांब गेले की झुरायचं.

जाळी बसली त्याच आठवड्यात मामांचे चुलतभाऊ पत्रिका द्यायला आले. यांचा आणि मामांचा बांधाचा दावा कधीपासून तहसीलात पडून आहे. चहा घेता घेता ते जाळीकडे बघत म्हणाले, "दादा, ह्या तपकिऱ्याला कमी जागा दिलाव की."

"सारखीच हाय."

"कूलरचं तोंडबी पांढऱ्याकडंच केलाव."

"तुला तेवढंच दिसणार म्हणा."

ओमनं पट्टीची टेप आणली. पाव्हण्यांनी एक टोक धरलं, मामांनी दुसरं. राजाची बाजू चार बोटं कमी भरली. मामा म्हणाले, टेप ढिली धरली. ह्यांनी मधे पडू नये म्हणून मी ह्यांना दूध आणायला पाठवलं आणि जाळी स्वतः चार बोटं सरकवून दिली. पाहुणे जिंकल्याच्या तोऱ्यात पत्रिका ठेवून गेले.

रात्री पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये उजेड. मामा गुडघ्यावर बसून जाळी परत सरकवत होते. मला बघून म्हणाले, "जा, झोप जा. मोजणी चुकली होती."