‘रोजच्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वजन कमी करताना काट्यावर किती वेळा उभं राहावं, या माझ्या लेखावर परवा एक प्रतिक्रिया आली. ती जशीच्या तशी देते:

“ताई, लेख वाचून कीव आली. वजन दिवसाला दीड-दोन किलो हलतं हे तुम्हीच लिहिता आणि रोज काट्यावर चढायला सांगता. रोजच्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो. अमेरिकेतल्या त्या नोंदवहीतले ७५ टक्के लोकसुद्धा आठवड्यालाच वजन करतात. कंबर मोजायला का सांगत नाही? आकडा बघून ज्यांचा दिवस खराब होतो त्यांचं काय? आणि तक्त्यातला गुरुवारचा आकडा बघा. अभ्यास वाढवा.”

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. उत्तर लांबणार आहे म्हणून ते इथे वेगळं लिहिते आहे.

आधी माझी चूक. लेखात एका व्यक्तीच्या दोन आठवड्यांच्या रोजच्या वजनांचा तक्ता होता. त्यातल्या पहिल्या आठवड्यात गुरुवारच्या रकान्यात ७४.९ च्या जागी ७९.४ पडलं होतं. आकड्यांची अदलाबदल झाली आणि तपासताना ती नजरेतून सुटली. आता दुरुस्त केली आहे. दाखवून दिलीत, आभार. मात्र तक्त्याखालची ७४.८४ ही सरासरी बरोबर आकड्यांवरूनच काढलेली होती. ७९.४ धरलं असतं तर ती ७५.४९ आली असती. सात आकड्यांची बेरीज करून पाहिली असती तर ही टंकनातली चूक आहे, हिशोबातली नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असतं.

आता सुराबद्दल. मला ताई म्हणा, मॅडम म्हणा, मला काहीच वावगं वाटत नाही. पण ताई म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात कीव करायची, ही बोलायची कुठली रीत? चौदा वर्षं मी आहारसल्ल्याचं काम करते आहे आणि या काळात लोकांच्या वजनाच्या वह्या तपासल्या नाहीत असा कामाचा दिवस गेलेला नाही. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. दुसऱ्याला ‘अभ्यास वाढवा’ म्हणण्याआधी त्याचा अभ्यास किती आहे ते विचारावं, एवढीच अपेक्षा आहे. मतभेद दोन ओळींत नीट मांडता येतो. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दा अर्ध्या ओळीचा आणि बाकी सगळा फणकारा आहे.

ती अर्धी ओळ म्हणजे ‘रोजच्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो’. याच वाक्यावर बोलू, कारण हे वाक्य तुमचं एकट्याचं नाही. जिममध्ये, सोसायटीच्या बागेत, डब्याच्या वेळी ऑफिसात, सगळीकडे ते ऐकू येतं.

वजन हलतं, मान्य. का हलतं ते पाहा. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी बंद करून पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून जे पेढे वाटतात, त्यांचं उतरलेलं वजन बहुतांशी हेच असतं. पुन्हा दोन दिवस नीट जेवलं की ते परत येतं. दुसरं मीठ. शरीरातल्या द्रवांत लिटरमागे साधारण ९ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे नेहमीपेक्षा ४-५ ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं तर ते बाहेर पडेपर्यंत अर्धा लिटर पाणी शरीरात अडकून राहतं. रविवारी मटणाचा रस्सा, पापड, लोणचं असं जेवण झालं की सोमवारी काटा वर दिसतो तो यामुळे. त्यात बद्धकोष्ठ, पाळीच्या आधी अंगात धरणारं पाणी आणि बऱ्याच दिवसांनी जोर-बैठका काढल्यावर दुखऱ्या स्नायूंत येणारी सूज धरा. चरबीचा यांतल्या कशाशीही संबंध नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका रात्रीत एक किलो चरबी चढायला तेवढ्या कॅलरी रोजच्या गरजेच्या वर खाव्या लागतील, आणि तसं कोणी खात नाही.

उलट बाजू बघा. रोज ५०० कॅलरी कमी खाणाऱ्याची चरबी दिवसाला सुमारे ६५ ग्रॅम उतरते. घरातला डिजिटल काटा बहुधा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. म्हणजे एका दिवसाची खरी घट काट्याच्या एका टप्प्यापेक्षाही लहान, आणि पाण्याची हालचाल तिच्या दहा-वीस पट. एका दिवसाचा आकडा सुटा धरला तर त्यावरून काही ठरत नाही. इथपर्यंत आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

पण इथून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो उलटा आहे. एक आकडा बेभरवशाचा असेल तर आठवड्यातून एकदाच घेतलेला आकडा भरवशाचा कसा होईल? तोसुद्धा एकाच दिवसाचा आकडा आहे. पाणी, मीठ, पोट साफ होणं-न होणं, सगळं त्यात तसंच आहे. फरक एवढाच की त्याच्या आजूबाजूचे सहा आकडे तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे तो किती फसवतो आहे हे कळायला मार्गच उरत नाही.

माझ्या तक्त्यातलेच दोन आठवडे घ्या. पहिला, सोमवारपासून: ७५.४, ७५.१, ७४.६, ७४.९, ७४.५, ७४.४, ७५.०. दुसरा: ७५.३, ७४.६, ७४.३, ७४.२, ७३.९, ७४.१, ७४.४. सरासरी ७४.८४ वरून ७४.४० वर आली, म्हणजे ४४० ग्रॅम घट. रोज ५०० कॅलरी कमी खाण्याच्या हिशोबाला ती अगदी धरून आहे. आता हीच व्यक्ती फक्त सोमवारी वजन करत असती तर? ७५.४ वरून ७५.३. आठवडाभर जिभेवर ताबा ठेवून १०० ग्रॅम! फक्त गुरुवारी करत असती तर ७०० ग्रॅम. बुधवारी ३००, शुक्रवारी ६००. माणूस तोच, जेवण तेच, शरीर तेच. वार बदलला की निकाल बदलतो. सोमवारवाला बुधवारपर्यंत डाएट सोडतो आणि गुरुवारवाला खुशीत एक वडापाव जास्त खातो. दोघांनीही चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला. आठवड्याला एकदाच वजन करणारी जी माणसं तिसऱ्या आठवड्यात कंटाळून थांबतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं वजन खरं तर उतरत असतं. माझी तळमळ आहे ती या लोकांसाठी, आणि म्हणूनच तुमचं ते वाक्य मला सोडून देता येत नाही.

वाराचा हा खेळ केवळ माझ्या तक्त्यात नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१४ साली ८० प्रौढांच्या रोजच्या वजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन शनिवारपासून चढतं आणि मंगळवारपासून उतरायला लागतं, असा आठवड्याचा फेरा त्यात दिसला. रोजच्या नोंदी नसत्या तर तो दिसलाच नसता.

आणि ‘काडीचा अर्थ नाही’ हे हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला सांगून पाहा. त्याला डॉक्टर रोज सकाळी वजन करायला लावतात आणि तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ताबडतोब कळवायला सांगतात. कारण ते वाढलेलं वजन म्हणजे अंगात साचणारं पाणी असतं, आणि पाय सुजण्याआधी ते काट्यावर दिसू शकतं. तिथे एकेका दिवसाच्या आकड्याला अर्थ असतो. आपल्याला जिथे चरबीची दिशा बघायची असते तिथे अर्थ सरासरीतून काढावा लागतो. मात्र सरासरी काढायला आकडे हवेत.

सरासरी काढणं कठीण नाही. मोबाइलमधल्या एक्सेलला सात रकान्यांची सरासरी मागा, झालं. वहीत लिहिणाऱ्यांसाठी दुसरी रीत: पहिल्या दिवसाचं वजन हाच पहिल्या दिवसाचा ‘कल’. दुसऱ्या दिवसापासून आजच्या वजनातून कालचा कल वजा करायचा, उरेल त्याचा दहावा भाग कालच्या कलात मिळवायचा. काल कल ७५.० आणि आज वजन ७६.० आलं तर आजचा कल ७५.१. एक किलोची उडी कलात १०० ग्रॅमची होते. वजन वेगाने उतरत असेल तेव्हा कल खऱ्या वजनाच्या थोडा मागे राहतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. निर्णय घ्यायचा तो सरासरीवर किंवा कलावर, तोही किमान दोन आठवडे पाहून. तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही तरच रोजच्या खाण्यातून १५०-२०० कॅलरी कमी करायच्या. ज्यांना पाळी येते त्यांनी या महिन्याचा पाळीआधीचा आठवडा मागच्या महिन्याच्या पाळीआधीच्या आठवड्याशी ताडून बघायचा, शेजारच्या आठवड्याशी नाही.

वजन घ्यायची वेळ एकच: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी, रोज तेवढ्याच कपड्यांत. तांब्याभर पाणी प्यायलात की अर्धा किलो तिथल्या तिथे वाढतं. रात्रीचं आणि सकाळचं वजन एकमेकांशी लावू नका, कारण झोपेतसुद्धा श्वासातून आणि त्वचेतून पाणी जात असतं. इटलीतल्या पदुआचा वैद्य सांक्टोरियस याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून सुमारे तीस वर्षं स्वतःचं वजन, खाणंपिणं आणि मलमूत्र तोलून ही न दिसणारी घट मोजली आणि १६१४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराच्या वजनाबद्दल आज आपण जे खात्रीने बोलतो त्याच्या मुळाशी असली चिकाटीची, रोजची मोजणी आहे.

काट्याचंही नीट बघा, कारण निम्मा गोंधळ तिथे असतो. डिजिटल काट्याच्या चार कोपऱ्यांत चार संवेदक असतात. शहाबादी फरशीच्या उंचसखल जागी ठेवला की एक पाय अधांतरी राहतो आणि आकडा कमी-जास्त येतो. कोपऱ्यावर बोटाने दाबून बघा, ‘टक’ असा आवाज आला तर जागा बदला. सतरंजीवर तर ठेवूच नका. काटा उचलून दुसरीकडे ठेवला की आधी पायाने दाबून सोडा, ०.० येऊ द्या, मग चढा. काही काट्यांत आणखी एक खोड असते: मागच्या वेळच्या वजनाशी फरक थोडा असेल तर तो जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. ‘तीन दिवस हललंच नाही’ अशा तक्रारीमागे कधी कधी हेच असतं. आधी हातात पाच-सहा किलोचं काही घेऊन एकदा वजन करा, मग ते ठेवून पुन्हा चढा. जुना आकडा पुसला जातो. आणि महिन्यातून एकदा दहा किलोची बंद आट्याची पिशवी घेऊन तपासा. एकट्याचं वजन आणि पिशवीसकटचं वजन यांत दहाचा फरक यायला हवा.

तुम्ही दिलेला ७५ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण तुम्ही त्यातला एक शब्द गाळला. अमेरिकेतली ती नोंदवही, म्हणजे ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’, १९९४ साली सुरू झाली. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात घेतात. त्यातले ७५ टक्के लोक आठवड्यातून ‘किमान’ एकदा वजन करतात, असं तिथे म्हटलं आहे. रोज करणारेही त्यातच आले. ‘किमान’ काढून ‘आठवड्यालाच’ घातलं की वाक्य तुमच्या बाजूचं होतं, पण खरं राहत नाही. दुसऱ्याला अभ्यास शिकवताना एवढी काळजी तरी घ्यायची!

त्याच विषयातला दुसरा दाखला देते. वजन उतरवलेल्या ३१४ लोकांवरचा एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आखून दिले होते: सुरुवातीपेक्षा सुमारे १.४ किलोपर्यंत वाढ असेल तर हिरवा, २.३ किलो वा त्याहून जास्त असेल तर लाल आणि लगेच उपाय. दीड वर्षाने २.३ किलो किंवा जास्त वजन परत चढलेले लोक, नुसती पत्रकं मिळालेल्या गटात ७२.४ टक्के होते आणि समोरासमोर बैठका झालेल्या गटात ४५.७ टक्के. ज्या गटांना हे शिकवलं होतं त्यांत रोज वजन करणाऱ्यांचं वजन परत चढण्याचं प्रमाण कमी दिसलं.

कंबर जरूर मोजा. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायची. पण टेप जरा तिरकी धरली की सेंटिमीटरभर फरक पडतो, म्हणून महिन्यातून एकदा पुरे. लेख वजनाचा होता, कंबरेचा नव्हता.

आकड्याने ज्यांचा दिवस खराब होतो त्यांच्याबद्दल: खाण्याचे विकार असलेल्यांनी किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांनी घरी वजन करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत लिहिलं आहे. तुम्ही तो वाचला नसावा. बाकीच्यांसाठी वर सांगितलेली सरासरी आहेच.

तुम्ही स्वतः आठवड्याला वजन करत असाल तर कोणत्या वारी करता, तेवढं कळवा. आणि मागचे चार आकडे असतील तर तेही.